पुरुषाचं इथं काय काम?

मूल आईच्या पोटात वाढतं, ही निसर्गाने केलेली वाटणी मला मान्य आहे. निसर्गाशी भांडून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण मूल आईच्या पोटात असताना बापाने कुठे असावं, याबद्दल निसर्गाने एक अक्षरही सांगितलेलं नाही. ते सगळं आत्याने सांगितलेलं आहे.

आत्या म्हणजे फक्त माझी आत्या नव्हे. प्रत्येक घरात एक आत्या असते. काही घरांत ती काकू असते, काही घरांत मावशी, आणि माझ्या एका मित्राच्या घरात तर ती चक्क त्याचे वडील आहेत. घरात कुणाला दिवस गेले की ही आत्या पदर खोचून उभी राहते आणि होणाऱ्या बापाला पहिलं वाक्य ऐकवते, "तू हो बाजूला. पुरुषाचं इथं काय काम?" माझं भांडण आहे ते या एका वाक्याशी. सौ.ला आठवा लागलाय. आजवर हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा उच्चारलं गेलंय की ते पोटातल्या बाळालाही पाठ झालं असावं. गर्भसंस्कार म्हणतात ते हेच असतील तर कठीण आहे. मुलगा झाला तर तो जन्मतःच बाजूला होईल, आणि मुलगी झाली तर जन्मतःच कुणाला तरी बाजूला करील.

आम्ही राहतो खडकवासल्याला. २०२१ मध्ये आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, त्यामुळे आता आम्ही कागदोपत्री पुणेकर आहोत. पुणेकराला मत असतं आणि ते तो कुणी मागितलं नाही तरी देतो, हे आपण जाणताच. तेव्हा माझं मत ऐका.

होणाऱ्या बापासाठी समाजाने तीन कामं राखून ठेवलेली आहेत : पैसे, पिशवी आणि पेढे. पैसे द्यायचे, पिशवी उचलायची, आणि सगळं पार पडलं की पेढे वाटायचे. या तिन्ही कामांत बाळाला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. खरं म्हणजे ही कामं एखादा प्रामाणिक रिक्षावालाही करू शकेल. पेढे तर तो माझ्यापेक्षा लवकर आणील, कारण त्याला गल्ल्या माहीत असतात.

डोहाळजेवणाचंच घ्या. सातव्या महिन्यात आमच्या घरी ते थाटात झालं. सौ. फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. पस्तीस बायका जमल्या. मला काय होतं? मला भाड्याच्या खुर्च्या होत्या. त्या चौथ्या मजल्यावर चढवायच्या, आइस्क्रीमचा डबा आणायचा आणि मग 'कुठे तरी' जाऊन यायचं. "कुठे?" असं मी विचारलं तर आत्या म्हणाली, "धरणावर जाऊन ये जरा." आत माझ्या मुलाचा पहिला समारंभ चालला होता आणि मी धरणाच्या भिंतीकडे बघत कणीस खात होतो. शेजारी आणखी एक गृहस्थ तसेच कणीस खात उभे होते. चेहऱ्यावरून ओळखलं. "तुमच्याकडेही का?" म्हटलं. ते म्हणाले, "बारसं आहे."

परत आलो तेव्हा वाट्यांचा खेळ चालला होता. झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे हुडकण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सगळ्यांच्या आधी कायदा केला. मग १९९४ मध्ये केंद्राने केला. सोनोग्राफीच्या खोलीत तशी पाटी असते. वाटीवर मात्र पाटी नसते. सौ.ने वाटी उघडली, बर्फी निघाली, आणि तीन बायका एका सुरात म्हणाल्या, "अगंबाई, असू दे!" या 'असू दे'साठी कायद्यात कलम नाही. मी दारातून म्हटलं, "मला बर्फी आवडते." लगेच आतून उत्तर आलं, "पुरुषाचं इथं काय काम?"

बाजूला केलेल्या माणसालाही सल्ले मात्र भरपूर मिळतात. सर्वांत लोकप्रिय सल्ला म्हणजे, "आत्ताच झोपून घ्या!" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ऑफिसातले मित्र म्हणाले, दूधवाला म्हणाला. वर डोळा मारून हसले. आता यात एक मोठी गोम आहे. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. सौ.चं माहेर साताऱ्याला. म्हणजे बाळ रडणार साताऱ्याला, आणि झोप उडणार माझी खडकवासल्याला? मधे शंभरावर किलोमीटर अंतर आणि एक खंबाटकीचा घाट आहे. एवढा आवाज तर आमच्या आत्याचाही नाही. खरं काय ते मला नंतर कळलं. 'झोप उडेल' असं म्हणणाऱ्यांपैकी कुणाचीच झोप उडालेली नव्हती. त्यांच्या बायकांची उडाली होती, आणि ते सकाळी उठल्यावर त्यांना सांगण्यात आलं होतं.

मग मी शिकायचं कुठे? आमच्या गावात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधनाची मोठी संस्था आहे, १९१६ सालची. कुठे धरण बांधायचं, बंदर बांधायचं तर ही माणसं आधी त्याचं लहानसं मॉडेल करतात, त्यात पाणी सोडतात, काय वाहतं, काय तुंबतं ते पाहतात, आणि मग खऱ्या कामाला मंजुरी देतात. मला हा विचार फार पटला. मी तीन किलो तांदळाची पिशवी घेतली, सौ.च्या जुन्या ओढणीत गुंडाळली आणि रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारू लागलो. मानेखाली हात, पाठीवर थोपटणं, सगळं रीतसर. चौथ्या दिवशी पिशवी उसवली आणि बाळ सोफ्याखाली सांडलं. आत्या म्हणाली, "बघ, म्हणून म्हणते!" आता मला सांगा, मॉडेल फुटलं म्हणून कुणी धरण बांधायचं सोडतं का? मॉडेल असतं ते फुटण्यासाठीच. दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी दुहेरी केली.

घरातली गोष्ट सोडा, ऑफिसचं ऐका. मी एका खाजगी कंपनीत आहे. रजेचा अर्ज आता संगणकावर भरायचा असतो. रजेचा प्रकार निवडा, म्हणतो : आजारपणाची, हक्काची, किरकोळ. मी साहेबांकडे गेलो.

"कशासाठी रजा?"

"बाळंतपण आहे."

"कुणाचं?"

"बायकोचं."

"मग तुम्हाला काय होतंय?"

"मूल होतंय, साहेब."

साहेब हसले. वाईट माणूस नाही. त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन माझी दोन दिवसांची रजा मंजूर केली. प्रकार : किरकोळ. मी बाप होणार, ही आमच्या कंपनीच्या दप्तरी किरकोळ घटना आहे. गणपती आणायला जाणं, नळ दुरुस्त करून घेणं आणि मूल होणं हे तिन्ही एकाच रकान्यात.

कायदा तरी काय वेगळं सांगतो? आईच्या पगारी रजेचा कायदा झाला १९६१ मध्ये. तेव्हा बारा आठवडे मिळत. २०१७ मध्ये त्याचे सव्वीस झाले. चांगलं झालं, याहून जास्त झाले तरी माझी तक्रार नाही. बापाचं काय? केंद्र सरकारच्या नोकरांना १९९७ पासून पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापाला मालक देईल तेवढे. देशाचा कायदा त्याच्याबद्दल बोलत नाही. स्वीडन नावाच्या थंड देशाने १९७४ मध्येच आईची रजा ही 'आईबापांची रजा' करून टाकली. आपण उष्ण देशातली माणसं, आपल्याला घाई नाही.

"बापाला रजा कशाला? तो घरी बसून काय करणार? टीव्ही बघणार!" हा साहेबांचा मुद्दा. बघेलही. पण एक गंमत पाहा. मी लग्नानंतर दोन ठिकाणी मुलाखतीला गेलो, मला कुणी विचारलं नाही, "लग्न झालंय का? मुलाबाळांचा काय विचार?" सौ. तीन ठिकाणी गेली, तिन्ही ठिकाणी विचारलं. का विचारलं? कारण मूल झालं की सव्वीस आठवडे रजा तिची असते, माझी नसते. मूल दोघांचं असलं तरी मालकाच्या वहीत ते एकटीच्याच नावावर पडतं. बापाला घरी पाठवणं म्हणजे बापावर मेहेरबानी करणं नव्हे. मुलाखतीच्या खोलीतला तो आगाऊ प्रश्न बंद करण्याचा मला तरी तोच एक उपाय दिसतो. ज्या दिवशी साहेब माझ्याकडे बघून, "हा माणूस बाप होऊन सहा महिने घरी बसला तर?" अशी काळजी करतील, त्या दिवशी सौ.ची आणि माझी बरोबरी होईल.

आमच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो. त्यामुळे आणखी एक अडचण झालेली आहे. तानाजीने १६७० मध्ये मुलाचं लग्न बाजूला ठेवलं आणि आधी कोंढाणा घेतला. तेव्हापासून मराठी पुरुषाला घरचं काम टाळायला कोंढाणा पुरतो. बायको कळा सोसतेय आणि नवरा म्हणतो, "महत्त्वाची मीटिंग आहे." मुलाला ताप आहे आणि नवरा म्हणतो, "ऑडिट चाललंय." आवाज असा की जणू आत्ताच घोरपड लावून कडा चढायचाय. अहो, तानाजीला खरोखरीचा गड घ्यायचा होता आणि तो परत आला नाही. आपण संध्याकाळी साडेसातला परत येतो आणि चहा मागतो. तानाजीचं नाव वापरायचं तर आधी मीटिंगमध्ये उदेभानाला आणा.

आणि आता दवाखाना. आम्ही ज्या दवाखान्यात नाव घातलंय, तिथे प्रसूतीच्या खोलीवर पाटी आहे : 'पुरुषांना आत प्रवेश नाही.' मी नीट चौकशी केली. आतले डॉक्टर पुरुष आहेत. भूल देणारे डॉक्टर पुरुष आहेत. बाळाला तपासायला येणारे बालरोगतज्ज्ञ पुरुष आहेत. ऑक्सिजनची नळकांडी आणून ठेवतो तो तर माझ्यापेक्षा दांडगा पुरुष आहे. म्हणजे प्रवेश नाही तो एकाच पुरुषाला, ज्याचं मूल आहे त्याला!

यात डॉक्टरी कारण असेल असं मला वाटायचं. जागतिक आरोग्य संघटना तर उलट म्हणते. प्रत्येक बाईजवळ कळा सुरू झाल्यापासून तिच्या पसंतीचं एक माणूस असावं, अशी तिची २०१८ ची शिफारस आहे. आपल्या केंद्रीय आरोग्य खात्यानेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीला एका बाईला मुभा दिली; शक्यतो ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. ही अट पुरी करणं मला या जन्मी अवघड आहे. पण त्याच हुकमात असंही आहे की जिथे आडोशाची नीट सोय असेल तिथे नवरासुद्धा चालेल. म्हणजे प्रश्न शास्त्राचा नाही, धर्माचा नाही, पडद्याचा आहे. तीन-चारशे रुपये मीटरने तो बाजारात मिळतो. हवं तर मी माझ्या खर्चाने शिवून देतो.

बंद दारं उघडत नाहीत असंही नाही. आमच्याच गावात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९५५ मध्ये ती इथे सुरू झाली ती फक्त मुलांसाठी. सदुसष्ट वर्षं तिच्या फाटकातून एकही मुलगी कॅडेट म्हणून आत गेली नाही. "मुलींचं इथं काय काम?" असं सगळ्यांना वाटत होतं, आणि बहुतेकांना ते निसर्गानेच सांगितलंय असंही वाटत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा जणी ताठ मानेने संचलन करत बाहेर पडल्या. प्रबोधिनीची इमारत जागच्या जागी आहे, घुमटाला तडा गेल्याचं ऐकलं नाही. लष्कराच्या फाटकातून मुली आत जाऊ शकतात, तर दवाखान्याच्या दारातून बाप आत का जाऊ शकत नाही? तिथे तर पळण्याची परीक्षाही नाही.

या सगळ्या दारांना कडी कसली आहे ते मला आमच्या भांडीवाल्या मावशींनी दाखवलं. त्यांची मुलगी नुकतीच बाळंत झाली. मावशी दिवसभर पाच घरची कामं करतात, त्यांना माहेरपण करायला सवड कुठली? त्यांचा जावई रिक्षा चालवतो. त्याला रजा देणारा साहेब नाही. रिक्षा उभी राहिली की धंदाही उभा राहिला. तर हा पठ्ठ्या सकाळी भाकरी टाकतो, बाळाची दुपटी-लंगोट नळावर धुतो आणि मग रिक्षा काढतो. मावशी हे सांगताना अगदी लाजत होत्या. "सगळी चाळ हसती हो त्याला," म्हणाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कडी लोखंडाची नाहीच, हसण्याची आहे. बाप लंगोट धुतो यावर हसायचं, आणि आई तेच लंगोट वर्षभर धुते याकडे बघायचंही नाही.

आता विरुद्ध बाजूलाही न्याय दिला पाहिजे. सासूबाईंना मी फोनवर म्हटलं, "बाळंतपण इथेच करू या, मी आहे." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही आहात हो. पण तिला इथं झोप मिळेल." या वाक्याने मी दोन दिवस गप्प होतो.

कारण पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत कुणी गंमत म्हणून पाडलेली नाही. सासरी सून झोपून राहू शकत नव्हती, म्हणून ती पडली. माहेरी दुपारी बारापर्यंत लोळलं तरी आई म्हणते, "पडू दे, दमलीय." सासरी तेच केलं तर आई म्हणत नाही, सासू म्हणते, आणि वेगळं म्हणते. माहेरी भूक लागली की डबा उघडून डिंकाचा लाडू खाता येतो, सासरी आधी सगळ्यांना विचारावं लागतं, "घेऊ का कुणाला?" म्हणजे माहेरी बाळंतपण ही रीत नाहीच, तो एक शेरा आहे. मुलीच्या आईने जावयाच्या घरावर मारलेला : 'या घरात माझ्या मुलीला विसावा मिळेल याची खात्री नाही.' पिढ्यान् पिढ्या आपण हा शेरा ओटी भरून, नारळ देऊन, हसत हसत स्वीकारतो आहोत, आणि वर त्याला प्रेमाची परंपरा म्हणतो आहोत. प्रेम आहेच, पण ते माहेरचं आहे. आपलं काय आहे ते पाहिलं पाहिजे.

तेव्हा माझं भांडण माहेराशी नाही. ज्या मुलीला माहेरी जावंसं वाटतं तिने खुशाल जावं. पण तिला माहेरी जावं लागतं ते तिच्या स्वतःच्या घरात झोप मिळत नाही म्हणून, ही मात्र त्या घराची आणि त्यातल्या पुरुषाची नाचक्की आहे. आणि दोन-तीन महिन्यांनी ती बाळ घेऊन परत येते तेव्हा काय होतं? तोवर बाळाचं सगळं तिला येतं, नवऱ्याला काही येत नाही. तो बाळ उचलायला जातो, बाळ रडतं, कारण बाळाच्या लेखी हा कोण गृहस्थ? मग ती म्हणते, "द्या इकडे." झालं. त्या दिवशी दिलेलं बाळ पुढे वीस वर्षं तिच्याकडेच राहतं. अभ्यास तिच्याकडे, ताप तिच्याकडे, डबा तिच्याकडे. आणि बाप म्हणतो, "आमच्या हिला मुलांचं फार!" हिला फार नव्हतं हो, तुमचं पहिल्या दोन महिन्यांत सुटलं.

हे सगळं मी आत्याला ऐकवलं. तिने शांतपणे वाटाणे सोलले आणि मग अण्णांची गोष्ट सांगितली. अण्णा म्हणजे माझे आजोबा.

१२ जुलै १९६१. आत्या तेव्हा आठ वर्षांची. नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही अशा वाड्यात दोन खोल्या. आजीला नववा लागलेला. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी आमच्या या खडकवासल्याच्या धरणावर आलं, हेही फुटलं, आणि मुठा पेठांमध्ये घुसली. अण्णांनी कुणाची तरी हातगाडी मिळवली, तीवर आजीला बसवलं, आत्याच्या हाती देवांचा डबा दिला आणि पर्वतीच्या बाजूला गाडी ओढत नेली. आसरा मिळाला एका शाळेत. आजीचं माहेर कोकणात, तिथून कोण येणार? वाड्यातल्या बायका कुठल्या कुठे पांगलेल्या. पाचव्या दिवशी, त्या शाळेच्या वर्गात, फळ्याखाली, माझे वडील जन्मले. एक सुईण मिळाली, ती बाळ हाती देऊन पुढच्या वर्गात गेली. तिला त्या आठवड्यात फार कामं होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सगळं अण्णांनी केलं. तीन विटांची चूल मांडली. पाणी तापवलं. खिमट करून आईला भरवलं. बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालायचे, अगदी आजीबाईसारखं, तोंडावर पाणी जाऊ न देता. धुणं धुवायचे. रात्री मांडीवर घेऊन बसायचे म्हणजे आईला डोळा लागावा. अण्णांसारखा माणूस होणे नाही!" आत्याने डोळे पुसले.

मी म्हटलं, "आत्या, अण्णा पुरुष नव्हते का गं?"

आत्या चिडली. "अरे, तेव्हा धरण फुटलं होतं!"

घ्या! इतके दिवस शोधत होतो ते उत्तर मिळालं. बापाने बाळाला हात लावायचा तर धरण फुटावं लागतं. निसर्गाचा नियम, बाळंतिणीचा विटाळ, पुरुषाचे राठ हात, जे जे म्हणून आड येतं ते सगळं पुराच्या पाण्यात एका सकाळी वाहून जातं, आणि हातगाडी ओढणाऱ्या कारकुनाला बाळाची आंघोळ येते. कुणी शिकवलं त्याला? कुणी नाही. गरज पडली, आणि "तू हो बाजूला" म्हणायला कुणी शिल्लक नव्हतं. एवढंच.

गोष्ट इथे संपत नाही. आत्या थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "आईची चार बाळंतपणं झाली रे. म्हातारपणी ती म्हणायची, त्यातलं शाळेतलं तेवढं एक सुखाचं झालं."

विचार करा. घर वाहून गेलेलं, अंगावर दुसऱ्याचं लुगडं, शाळेची फरशी, आणि ते बाळंतपण सुखाचं! पुढे वाडा दुरुस्त झाला, संसार उभा राहिला, आजीला आणखी दोन मुलं झाली. त्या वेळी अण्णा काय करत होते, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "ओसरीवर पेपर वाचत असायचे." म्हणजे ज्या माणसाला सगळं येत होतं, तोही पूर ओसरल्यावर बाजूला झाला. किंवा त्याला केलं गेलं. आजी पुन्हा एकटी. धरण शाबूत होतं ना!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारने बापाला रजा द्यावी आणि मालकाच्या मर्जीवर ठेवू नये. दवाखान्यांनी एक पडदा लावावा. डोहाळजेवणाला नवऱ्याला खुर्च्या वाहण्यापुरता नव्हे, बसण्यापुरताही घरात घ्यावा. लंगोट धुणाऱ्या बापाला हसणाऱ्यांनी एक आठवडा ते धुऊन बघावेत, मग खुशाल हसावं. आणि आत्यांनी ते वाक्य अर्धंच म्हणावं. 'पुरुषाचं इथं काय काम?' याऐवजी 'पुरुषाचं इथं काम!' एक शब्द गाळला की झालं.

बाळालाही माझी एक विनंती आहे : बाबा रे, किंवा बाई गं, रविवारी संध्याकाळी येऊ नकोस. रविवारी संध्याकाळी अख्खं पुणं खडकवासल्याच्या धरणावर कांदाभजी खायला येतं आणि मग सिंहगड रस्त्यावर एकाच वेळी घरी निघतं. त्या गर्दीतून दवाखाना गाठायचा म्हणजे अण्णांची हातगाडी बरी.

राहता राहिला निर्णय. घरातल्या वडीलधाऱ्यांचं सातारा की खडकवासला यावर दोन महिने रणकंदन चाललं होतं, आणि जिचं बाळंतपण तिला त्यांच्यापैकी कुणी काही विचारलं नव्हतं. सौ. मला एरवी 'अरे' म्हणते, आत्या असली की 'अहो'. परवा आत्यासमोर तिने 'अरे' म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"अरे, मी इथेच राहणार आहे. आई इथे येईल, महिनाभर. तिला मी सांगितलंय. आत्या, तुम्हीही राहा. रात्रीचं बाळ याच्याकडे. फक्त माझी एक अट आहे."

"बोल," म्हटलं. छाती फुगली होती.

"जे करशील त्याचं कौतुक कुणी करायचं नाही. माझं कुणी करणार नाहीये, तुझंही नको. आणि बाळ आल्यावर, 'मी लंगोट कसे धुतले' म्हणून लेखबिख लिहायचा नाही."

आत्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. अट न्याय्य आहे, त्यामुळे नाही म्हणता येईना. म्हणून हा लेख बाळ यायच्या आधीच लिहून टाकला.